बाचे तीन शब्द

आमच्या घरात सगळ्यांत मोठा आवाज बाचा होता. तो वाडीत केळीला पाणी लावत असला, तरी तो कुणाशी बोलतोय, कशावरून बोलतोय आणि समोरच्याने काय उत्तर दिलं असेल, हे आम्हाला चुलीपाशी बसून कळायचं. भुईगावात आमची वाडी समुद्राकडच्या अंगाला, सुरूच्या झाडांच्या अलीकडे. केळी, वाल, मुळा, थोडी अबोली. बा आणि आय मिळून माल बाजारात न्यायचे. आय म्हणायची की आपल्या भाजीपेक्षा ह्यांच्या बोलण्यालाच गिऱ्हाईक जास्त. एखादी बाई मुळ्याची जुडी उचलून परत ठेवायला लागली, की बा तिला त्या मुळ्याचं बालपण सांगायला सुरुवात करायचा. तो कसा उगवला, मधेच पान कसं पिवळं पडलं, मग त्याला कसा जपला. ती बाई हसून जुडी पिशवीत टाकायची. घरी आम्ही जी बोली बोलायचो ती कागदावर उतरवायला गेलं की तिचा सूर जातो, म्हणून इथं सगळ्यांना मी शाळेतल्या मराठीत बोलायला लावते आहे. बाला हे मुळीच आवडलं नसतं. त्याच्या मते शाळेतली मराठी ही सर्दी झालेल्या माणसाने बोलायची भाषा होती.

संध्याकाळी चर्चची घंटा झाली की हा सगळा आवाज अल्तारासमोर यायचा. अल्तार म्हणजे ओटीच्या भिंतीवरची एक लाकडी फळी. तिच्यावर क्रूस, मरियामातेची हाताएवढी मूर्ती आणि दोन मेणबत्त्या. आम्ही गुडघ्यांवर बसायचो, बा रोजरीची माळ हातात घ्यायचा आणि प्रार्थनेचं पुढचं अर्धं म्हणायचा. मागचं अर्धं आमचं. रोजरी संपली की लितानी. लितानीत मरियामातेची एकेक बिरुदं घ्यायची, ‘पहाटेच्या ताऱ्या’, ‘सोन्याच्या मंदिरा’ अशी, आणि प्रत्येक बिरुदानंतर सगळ्यांनी म्हणायचं, ‘आम्हांसाठी विनंती कर.’ म्हणजे, माते, तू तुझ्या लेकाला आमचं सांग. बिरुदं म्हणणारा बा आणि विनंती करायला लावणारे आम्ही. लहानपणी मला आणि माझ्या मोठ्या बहिणीला, सेलिनाला, ह्या लितानीत हमखास झोप यायची आणि झोपेतसुद्धा आम्ही बरोबर जागेवर ‘विनंती कर’ म्हणायचो.

आय ह्या प्रार्थनेत फारशी ऐकू यायची नाही. तिचं येशूशी जे काही चालायचं ते दिवसभर, आणि बहुतेक स्वयंपाकघरात. “बघ रे, आज वालात मीठ जास्त पडलंय, ह्यांच्या लक्षात येऊ देऊ नकोस,” असं ती पळी हलवत म्हणायची. सुकट भाजताना, तांदळाची भाकरी थापताना, सणाला तळायच्या फुग्यांचं पीठ आंबेना म्हणून त्यावर फडकं टाकताना, तिची सारखी कुणाशी तरी कुजबुज चालू. खूप लहान असताना मला वाटायचं, येशू हा आयच्या माहेरचा कुणीतरी आहे.

बारावी झाल्यावर मला मुंबईतल्या एका इस्पितळात नर्सिंग शिकायला जागा मिळाली. बाने ती बातमी गावात कुणालाही सांगायची बाकी ठेवली नाही. “माझी फिलू आता सुया टोचणार,” तो म्हणायचा. “ज्यांचं ज्यांचं माझ्याशी भांडण आहे त्यांनी आजारी पडू नये.” सेलिनाचं तोवर लग्न झालं होतं, गास गावात दिली होती तिला. तिने तिकडून माझ्यासाठी चादरी शिवून पाठवल्या. बाने एक लोखंडी पेटी आणून तिला स्वतः निळा रंग दिला. रंग वाळायच्या आत तो ती सगळ्यांना उचलून दाखवायचा, त्यामुळे पेटीवर शेवटपर्यंत त्याच्या बोटांचे ठसे राहिले.

आणि मग एका सकाळी वाडीतून बाचा आवाज आला नाही. आमच्या कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. लक्षात आलं ते शेजारच्या वाडीतल्या नरसूकाकांच्या. नरसूकाका आणि बा ह्यांचं पाटाच्या पाण्यावरून भांडण होतं. ते भांडण मी जन्मण्याआधीचं, आणि दोघांनी ते इतकं नेमाने चालवलं होतं की एखाद्या दिवशी झालं नाही तर दोघांनाही जेवण गोड लागत नसे. त्या सकाळी नरसूकाकांनी नेहमीसारखं पाणी आपल्या वाडीकडे वळवलं आणि बाच्या शिवीची वाट बघत उभे राहिले. शिवी आली नाही. थोडं थांबून त्यांनी आणखी पाणी वळवलं. तरी नाही. तेव्हा ते घाबरून बांध ओलांडून आले, तर बा केळीच्या बुंध्यापाशी एका कुशीवर पडलेला, डोळे उघडे, तोंड वाकडं झालेलं. नरसूकाकांनी त्याला अक्षरशः पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत आणलं.

इस्पितळातून बा घरी आला तो उजवा हात आणि उजवा पाय लुळा घेऊन. पाय हळूहळू काठीच्या आधाराने चालू लागला. पण डॉक्टर म्हणाले होते की मेंदूत जिथून बोलणं येतं तिथेच घाव बसला आहे. बाला आमचं सगळं कळायचं. आम्ही विनोद केला की त्याचे डोळे हसायचे. पण बोलायला गेला की घशातून नुसता ‘अं… अं…’ असा आवाज निघायचा. पाणी मागायलाही तेच, आणि आयला हाक मारायलाही तेच. तो काय म्हणतोय ते आम्हाला कळलं नाही, की तो चिडायचा. एकदा त्याने पेजेची वाटी भिंतीवर फेकली आणि मग स्वतःच तिच्याकडे बघत लहान मुलासारखा रडला. त्या दिवसांत आमच्या घरात पहिल्यांदा समुद्र ऐकू यायला लागला. इतकी वर्षं तो तिथेच होता, पण बापुढे त्याला कुणी बोलू दिलं नव्हतं.

मी मुंबईला गेले नाही. पुढच्या वर्षी ये, असं तिकडून सांगितलं गेलं आणि निळी पेटी माळ्यावर चढली. आय एकटीने वाडी आणि बाजार बघायला लागली. मी बाला उठवायचं, पुसायचं, भरवायचं. एकोणीस वर्षांची होते मी. बाचं करण्याचा मला कधी कंटाळा आला नाही, हे मी खरं सांगते. पण एक गोष्ट मला सहन होत नव्हती. संध्याकाळी घंटा झाली की आय बाला अल्तारासमोर खुर्चीवर बसवायची, रोजरी त्याच्या डाव्या हातात द्यायची, आणि आता पुढचं अर्धं ती म्हणायची, बारीक आवाजात, चुकत, थांबत. बा समोर बघत गप्प बसलेला असायचा. आठवडाभर मी ते पाहिलं, आणि एका संध्याकाळी गुडघे न टेकता मागच्या दारी जाऊन पायरीवर बसले.

प्रार्थना आटोपून आय माझ्याकडे आली. “आली नाहीस ती?”

“मी नाही येणार,” मी म्हणाले. “ज्या माणसाने ह्याची प्रार्थना उभ्या गावाला ऐकू जाईल अशी केली, त्याचाच आवाज ह्याने काढून घेतला. मी काय बोलू ह्या येशूशी?”

मला वाटलं आता आय रागावेल, किंवा रडेल. ती माझ्या शेजारी पायरीवर बसली. बाजारातून आल्यापासून तिने तोंडही धुतलं नव्हतं, लुगड्याला मुळ्याची माती तशीच होती. “नको बोलूस,” ती म्हणाली. “राग आलाय तर राग धर. पण लांब जाऊ नकोस. इथंच बसत जा पायरीवर. आम्ही म्हणू, तू ऐक.”

“तुला नाही राग येत?”

“येतो की. आज बाजारातून घरापर्यंत त्याला बोलत आले.”

“मग?”

“मग काय? ऐकून घेतलं त्याने. घरी आले, भात टाकला.”

तेव्हा मला हे उत्तर फार साधं वाटलं होतं. आज मी आयच्या त्या वेळच्या वयापेक्षा बरीच मोठी आहे. नायगावला मुलाच्या फ्लॅटमध्ये नवव्या मजल्यावर राहते, गुडघ्यांमुळे गुडघ्यांवर बसता येत नाही आणि समोरच्या नव्या इमारतींच्या मधून खाडीचा एक तुकडा तेवढा दिसतो. ह्या एवढ्या वर्षांत श्रद्धेवरची पुष्कळ प्रवचनं ऐकली. पण दमून भागून आल्यावर वाटभर येशूशी भांडायचं आणि मग घरी येऊन भात टाकायचा, ह्याहून जास्त उपयोगाचं मला कुणी काही सांगितलेलं नाही.

तर मी रोज पायरीवर बसायला लागले. पाऊस सरला, भाताची कापणी झाली, थंडी पडली, तरी माझं बसणं चालूच. आतून आयचा आवाज यायचा, आणि मागचं अर्धं म्हणायलाही तीच असायची. स्वतःच बिरुद घ्यायची, स्वतःच ‘आम्हांसाठी विनंती कर’ म्हणायची. मी ऐकत बसायचे. तोंड घट्ट मिटून.

अशात एका दुपारी सेलिनाचा दीर सायकलवरून गासहून आला. सेलिनाला कळा सुरू झाल्या होत्या, तिच्या सासूने आयला बोलावलं होतं. आयने दोन लुगडी पिशवीत टाकली. “मी उद्या येईन. बाला पेज दे, वेळेवर गोळी दे,” ती म्हणाली. मग तिने एकदा अल्ताराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि निघाली.

संध्याकाळी घंटा झाली. मी चुलीवर पेज ठेवलेली. ओटीवर बाच्या काठीचा आवाज आला, म्हणून बाहेर आले, तर बा अल्तारासमोरच्या खुर्चीत जाऊन बसला होता. त्याने डाव्या हाताने फळीकडे बोट केलं. “अं.”

“आय नाही, बा. आज राहू दे.”

“अं! अं!”

“उद्या आय येईल तेव्हा म्हणेल ती.”

तो ऐकेना. मग काठीवर जोर देऊन उठला आणि मेणबत्ती आपणच लावायला गेला. एका हाताने काडी पेटत नव्हती. काडेपेटी लुळ्या हाताखाली छातीशी दाबून तो पुन्हा पुन्हा काडी ओढायचा, ती मोडायची, खाली पडायची. तिसरी की चौथी काडी पडली तेव्हा त्याचा तोल गेला आणि मी धावत जाऊन त्याला धरलं. त्याला खुर्चीत बसवलं, मेणबत्त्या लावल्या आणि त्याच्या पुढ्यात अल्ताराकडे तोंड करून गुडघ्यांवर बसले. देवासाठी बसले नव्हते. ह्या माणसाने आणखी धडपडू नये, म्हणून बसले होते.

अख्खी रोजरी म्हणायची माझी तयारी नव्हती. मी सरळ लितानी धरली. ती बाच्या तोंडून ऐकून ऐकून पाठ होती, आणि मला तीच चाल ठाऊक होती, बाची, प्रत्येक बिरुदाच्या शेवटी जराशी लांबणारी. मी एक बिरुद म्हटलं, आणि उत्तरही मीच म्हटलं. दुसरं म्हटलं, तिसरं म्हटलं. पेज उतू जाईल की काय, हेच डोक्यात होतं. असं करत करत मी ‘सोन्याच्या मंदिरा’ला आले, श्वास घ्यायला थांबले, आणि माझ्या मागून, जाड, ओल्या, गाळात पाय रुतल्यासारख्या आवाजात शब्द आले, “…नंती कर.”

मी ही गोष्ट रचून सांगत असते तर ते शब्द ‘रोग्यांच्या आरोग्या’ ह्या बिरुदावर आणले असते. पण ते आले ‘सोन्याच्या मंदिरा’वर. मी वळून पाहिलं. बा माझ्याहून जास्त घाबरलेला. तोंड उघडंच, जणू दुसरंच कुणीतरी त्यातून बोललं होतं. मी म्हणाले, “बा, काय म्हणालास? परत म्हण.” त्याने प्रयत्न केला आणि नुसता ‘अं’ निघाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यानेच हात हलवून मला खूण केली, पुढे चल. मी पुढचं बिरुद म्हटलं. आणि तो म्हणाला, “आम्हां… साठी… विनंती कर.”

पुढे काय झालं ते मला सलग आठवत नाही. मी बिरुदं म्हणत गेले, तो म्हणत गेला. लितानी संपली तशी मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. पेज उतू गेली, जळली, घरभर वास सुटला, पण मी उठले नाही. मला भीती वाटत होती की मी थांबले तर तोही थांबेल. किती वेळा म्हटली असेल देव जाणे. शेवटी माझा आवाज बसला तेव्हा माझ्या लक्षात आलं, की गेले किती तरी महिने ज्याच्याशी बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं त्याच्याच समोर मी बसले आहे. रडून माझं तोंड ओलं झालं होतं, आणि बा डाव्या हाताने माझं डोकं थोपटत होता.

दुसऱ्या दिवशी आय गासहून आली ती नातीची बातमी घेऊनच. तिला पिशवीही खाली ठेवू न देता मी सगळं सांगितलं. तिने बाकडे पाहिलं. “म्हणा बघू,” ती म्हणाली. बाने तोंड उघडलं. “अं.” मी दोन बिरुदं म्हटली. “अं. अं.” मला वाटलं आय म्हणेल, एकटी होतीस, भास झाला असेल. ती सरळ आंघोळीला गेली. पण संध्याकाळी घंटा झाली, मेणबत्त्या लागल्या, आम्ही गुडघे टेकले, आणि लितानीच्या पहिल्याच बिरुदाला बाने आपलं उत्तर दिलं, आदल्या दिवशीपेक्षा मोठ्याने. आयने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती, मला बाजूने दिसेना. प्रार्थना झाल्यावर ती बाच्या खुर्चीपाशी गेली आणि म्हणाली, “येशू क्रूसावर सात वेळाच बोलला होता. तुम्हाला तीन शब्द मिळालेत. पुरे झाले सध्या.”

मग सुरू झाली एक वेगळीच गंमत. ते तीन शब्द एकदा सुटले ते सुटलेच. प्रार्थनेबाहेरही यायला लागले, पण तेवढेच. बाला जे काही म्हणायचं असेल ते तो त्याच तीन शब्दांत म्हणायचा. चहा हवा असला की गोड आवाजात, “आम्हांसाठी विनंती कर.” चहात साखर कमी पडली की भुवया चढवून, “आम्हांसाठी विनंती कर!” कोंबड्या ओटीवर चढल्या की काठी आपटून तेच. हळूहळू आम्हाला त्यातले सगळे सूर कळायला लागले. सेलिना तान्हीला घेऊन आली तेव्हा बाने त्या पोरीच्या कानाशी तोंड नेऊन इतक्या हळू ते शब्द म्हटले, की ते ऐकायला आम्हा सगळ्यांना पुढे वाकावं लागलं.

काठी टेकत तो वाडीतही जायला लागला. नरसूकाका तेव्हा पाटाचं पाणी वळवत होते. बाने काठी उगारली आणि जुन्या आवाजात गरजला, “आम्हांसाठी विनंती कर!” नरसूकाका आधी दचकले, मग बांधावर बसून पोट धरून हसले. “अरे इनास,” ते म्हणाले, “मी हिंदू माणूस, मी कुणाला विनंती करू?” पण त्यांनी पाणी आमच्याकडे सोडलं. संध्याकाळी ते ओटीवर आले आणि उभ्या उभ्याच आयला सांगून गेले, “वहिनी, त्याला सांगा, केली मी विनंती. आमच्या देवासमोर उदबत्ती लावून केली. आता बोल म्हणावं नीट, मला असं भांडायला मजा येत नाही.”

आमचे फादर अधूनमधून बाला ख्रिस्तप्रसाद द्यायला घरी यायचे. मी त्यांना, जरा वाद घालायच्या सुरातच, सांगितलं की डॉक्टर म्हणाले, ह्यात चमत्कार वगैरे काही नाही. पाठ केलेलं मेंदूत वेगळीकडे राहतं, तेवढं शाबूत असलं की येतं. फादर चहा बशीत ओतत म्हणाले, “असेल. मेंदूतलं मला कळत नाही.” मग एक घोट घेऊन म्हणाले, “शुभवर्तमानात तो पक्षाघाती माणूस आहे बघ. त्याचे मित्र छप्पर उघडून त्याला खाटेसकट येशूसमोर सोडतात. तो स्वतः एक शब्द बोलत नाही. येशू त्याला उचलून आणणाऱ्यांचा विश्वास बघतो. तुमच्या घरातलं ऐकल्यापासून मी तोच उतारा वाचतोय. पण फिलू, मला एक कळत नाही. तुमच्या घरात खाटेवर कोण होतं? तो, की तू?”

मी रिकामी कपबशी उचलून आत नेली. त्या रात्री मात्र झोपायच्या आधी मी तोच प्रश्न येशूला विचारला. बऱ्याच दिवसांनी, आणि कुणी सांगितलं म्हणून नव्हे.

मे महिन्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या क्रूसापाशी सगळी आळी जमून प्रार्थना करते. तेव्हा क्रूसाला अबोलीचे हार घालायचे, प्रार्थना झाली की उकडलेले चणे वाटायचे. ती प्रार्थना नेहमी बा चालवायचा. त्या वर्षी कुणी त्याचं नाव काढलं नाही. लोक आमचं मन राखत होते. पण पहिल्या संध्याकाळी बा स्वतःच इस्त्रीचा सदरा घालून दारात उभा राहिला आणि माझ्याकडे बोट दाखवून, मग क्रूसाकडे बोट दाखवून म्हणाला, “आम्हांसाठी विनंती कर.” मला कळलं. तू म्हणायचं.

“बा, मला नाही जमणार एवढ्या लोकांत.” तो जागचा हलला नाही.

मी क्रूसासमोर उभी राहिले. बा काठी टेकून लोकांत, पहिल्या रांगेत. मी लितानी सुरू केली, आळीने एका आवाजात उत्तर दिलं, आणि सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, शांततेत, एकट्या बाचे शब्द आले, मागे पडलेले, जड. मागे एक मुलगी फिसकन हसली. मला वाटलं जमीन दुभंगावी. बाचं मात्र लक्ष नव्हतं. दुसऱ्या बिरुदालाही तेच झालं, तिसऱ्यालाही. चौथ्या वेळी आळी जरा हळू म्हणाली. पाचव्या वेळी आणखी हळू. कुणी कुणाला सांगितलं नाही, खूण केली नाही. थोड्या वेळाने अख्खी आळी, म्हातारी माणसं, पोरं, मघाशी हसलेली ती मुलगीसुद्धा, बाच्या चालीने म्हणत होती, ‘आम्हां… साठी… विनंती… कर,’ एकेक शब्द त्याच्याबरोबर उचलून त्याच्याबरोबर ठेवत. प्रार्थना रोजच्याहून दुप्पट लांबली. चणे गार झाले. कुणी तक्रार केली नाही.

जूनमध्ये पेटी माळ्यावरून खाली आली. मी जात नाही म्हणत होते. आय म्हणाली, “तुझं अर्धं मी म्हणेन. तुझ्याइतकं चालीत नाही येणार, पण ते घेतील सांभाळून.” निघायच्या सकाळी मी बाच्या पाया पडले. तो कितीतरी वेळ तोंडातल्या तोंडात काहीतरी जुळवत होता, घाम फुटला त्याला. आय म्हणाली, “अहो, राहू दे, गाडी जाईल तिची.” त्याने मान हलवली. थांब. आणि मग, डोळे मिटून, पहिल्यांदाच त्या तीन शब्दांतला एक शब्द काढून तिथे दुसरा ठेवत, तो म्हणाला, “फिलू… साठी… विनंती कर.”

त्यानंतर मी आयुष्यभर परिचारिका म्हणून काम केलं. बोलणं गेलेली पुष्कळ माणसं पाहिली. त्यांच्या नातेवाइकांना मी विचारायचे, हा रोज काय म्हणायचा? कुणी आरती सांगायचं, कुणी कलमा, कुणी पोरांना शिकवलेले पाढे. ते त्याच्याबरोबर म्हणा, मी सांगायचे. काहींना उपयोग व्हायचा, काहींना व्हायचा नाही. ज्यांना व्हायचा नाही त्यांच्याजवळ थोडा जास्त वेळ बसायचं, एवढंच माझ्या हातात असायचं. बसल्या बसल्या मी त्यांचं नाव मनात येशूला सांगायचे. बाची वाचा पुढेही पूर्ण आली नाही. पण तो आणखी बरीच वर्षं जगला, आणि त्या वर्षांत दुःखी असा मी त्याला क्वचितच पाहिला.

शिकायला गेल्यावर पहिल्या सुट्टीत घरी आले ती सकाळची वेळ होती. गल्लीत शिरले तर समोरून नरसूकाका धावत येताना दिसले, चिखलाच्या पायांनी, धोतर वर खोचलेलं. बाचं काही झालं असावं, असंच वाटलं मला.

“फिलू! फिलू, आलीस? बरं झालं!” त्यांना दम लागला होता. “अगं, तो मला चोर म्हणाला!”

“कोण?”

“इनास! आत्ता! मी पाणी वळवलं आणि तो म्हणाला, चोर! एकदम स्वच्छ! काठी आपटून! विनंती नाही, काही नाही, नुसतं चोर!” बोलता बोलता त्यांनी खांद्यावरच्या पंच्याने डोळे पुसले. “चल, चल, तुला ऐकवतो. थांब, आधी मी परत पाणी वळवतो.”

आम्ही दोघं घराकडे पळत सुटलो. आय मागच्या दारी उभी होती, हात पिठाने भरलेले, हसून हसून तिला बोलता येत नव्हतं. वाडीतून बा ओरडत होता, पुन्हा पुन्हा, नवीन खेळणं मिळालेल्या पोरासारखा. आयने माझ्या गालाला पिठाचाच हात लावला आणि म्हणाली, “फादरना सांगू नकोस हं इतक्यात. त्यांना वाटतंय, हे आता नुसती प्रार्थनाच बोलतात.” मग ती तशीच आत अल्तारासमोर गेली, क्रूसाकडे मान वर करून म्हणाली, “ऐकलंस ना? आता हे भांडण सोडवायला तूच ये,” आणि भाकरी करपेल म्हणून घाईघाईने चुलीकडे वळली.